ठिपक्यांची लिपी आणि डोळसांची शाळा

शोधांचा इतिहास सांगण्याची आपली एक ठरीव रीत आहे. एक बुद्धिमान मनुष्य असतो, त्याला एक युक्ती सुचते, आणि दुसऱ्या दिवसापासून जगाचे एक दुःख हलके होते. अंध, बधिर आणि अपंग विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडणाऱ्या साधनांची हकीकतही बहुधा ह्याच थाटात सांगितली जाते. प्रथम ठिपक्यांची लिपी आली, मग बोलते पुस्तक आले, मग संगणक आला. प्रत्येक पायरीवर मूल थोडे वर चढले आणि अखेर वर्गात येऊन बसले. ऐकावयास ही कथा गोड आहे, परंतु घडले ते असे नव्हे.

ह्या शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास आम्हांस एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. साधन निघाले म्हणून मूल वर्गात आले, असे कधीच झाले नाही. साधन निघाल्यावर ते कोणत्या रीतीने वापरावयाचे ह्याबद्दल शिक्षक, छापखाने, सरकार आणि स्वतः वापरणारे ह्यांचे एकमत व्हावे लागले. ते झाले तेव्हाच साधन कामाला आले; ते मोडले तेव्हा उत्तमातले उत्तम साधन कपाटात पडून राहिले. ह्या एकमताला आपण येथे ‘संकेत’ म्हणू. साधन ही अर्धी गोष्ट आहे आणि संकेत ही उरलेली अर्धी. आजच्या विवेचनात आम्ही मुख्यतः अंध विद्यार्थ्यांच्या लिपीचा इतिहास घेणार आहोत, कारण हा नियम त्या इतिहासात सर्वांत स्वच्छ दिसतो.

घाटकोपरात हा विषय मांडण्याला एक विशेष औचित्यही आहे. स्थानकातून बाहेर पडावे तो एका पाटीवर देवनागरी अक्षरे आणि तिच्या शेजारच्या पाटीवर गुजराती अक्षरे. एकाच जिन्यावर समोरासमोरच्या दोन दारांआड दोन भाषा नांदतात. डोळस मुलाला ह्या दोन लिप्या वेगवेगळ्या शिकाव्या लागतात. परंतु अंध मूल मराठी आणि गुजराती ह्या दोन्ही भाषा एकाच लिपीत वाचते. हे कसे घडले, हीच आजची मुख्य कथा होय.

आरंभ ठिपक्यांच्या आधीच्या काळापासून करणे बरे. अंध मनुष्य विद्वान होऊ शकतो हे महाराष्ट्राला कोणी परक्याने येऊन सांगावयाचे होते असे नाही. वऱ्हाडातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. १९१५ मध्ये ते निवर्तले. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना केली. ती कशी? कोणीतरी वाचून दाखवावे, महाराजांनी ऐकून ध्यानात ठेवावे, आणि मग त्यांनी सांगावे व कोणीतरी लिहून घ्यावे. आपल्याकडील पाठांतराची परंपरा थोर होती आणि तिच्या आधारावर असामान्य बुद्धीचा पुरुष डोळ्यांवाचूनही शास्त्रे आत्मसात करू शकत होता.

परंतु येथेच ह्या परंपरेची मर्यादाही दिसते. असामान्य माणसाभोवती वाचून दाखविणारे आणि लिहून घेणारे जमतात. सामान्य बुद्धीच्या, गरीब घरच्या अंध मुलाभोवती कोण जमणार? त्याच्या घरी वाचता येणारे माणूस असले तर ते दिवसभर कामावर, आणि संध्याकाळी दमलेले. अशा मुलाची विद्या दुसऱ्याच्या सवडीवर टांगलेली राहते. दोन ओळी मागे जाऊन पुन्हा वाचावे, एखाद्या शब्दापाशी थबकावे, कंटाळा आला तर पाने उलटावीत, हे वाचनातले साधे स्वातंत्र्य त्याला लाभत नाही. शिक्षणाचा खरा प्रश्न असामान्यांचा नसून ह्या सामान्य मुलाचा आहे, आणि त्याला हवी होती ती स्वतःच्या बोटांनी वाचता येईल अशी लिपी.

ती लिपी फ्रान्समध्ये जन्मली. १७८५ च्या सुमारास वालांतँ हाऊई ह्या सद्गृहस्थाने पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढली. त्याने पुस्तके छापली ती नेहमीच्याच अक्षरांची, फक्त अक्षरे कागदावर उठावाची. डोळस शिक्षकाला ही सोय उत्तम होती, कारण त्याला ती दिसत आणि वाचता येत. मुलांची बोटे मात्र त्या वळणावळणांवरून अडखळत चालत, आणि स्वतः लिहिणे तर जवळजवळ अशक्यच. लुई ब्रेल हा त्याच शाळेचा विद्यार्थी. १८०९ साली तो एका खोगीर करणाऱ्याच्या घरी जन्मला, आणि तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यातील आरी डोळ्यांत लागून पुढे त्याची दृष्टी गेली. बार्बिए नावाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याने अंधारात वाचता यावे म्हणून बारा ठिपक्यांची एक लिपी रचली होती. परंतु बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत. ब्रेलने ते सहावर आणले. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. कोणते उठवावयाचे आणि कोणते नाही ह्यावरून ६३ चिन्हे होतात, आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या अग्राखाली एका स्पर्शात ओळखू येते. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने ही रचना सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली.

पुढे काय झाले ते मात्र शाळांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुलांनी ही लिपी उचलली, ती गुपचूप एकमेकांना शिकविली. आणि शाळेच्या चालकांनी ती काही काळ वर्ज्य ठरविली. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती, हेच त्यामागचे मोठे कारण. ब्रेल १८५२ च्या जानेवारीत वारला, आणि त्याच्या शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. साधन तयार होते, वापरणारे आतुर होते, परंतु शिकविणाऱ्यांचा संकेत जुळावयास तीस वर्षे लागली. तेवढ्या अवधीत त्या शाळेतून मुलांची एक अख्खी पिढी बाहेर पडली.

मुंबईत ही लिपी दुष्काळाच्या पावलांनी आली. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात अनेक मुले पोरकी झाली. त्यांच्यातील अंध मुलांसाठी अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड ह्यांनी १९०० साली मुंबईत शाळा सुरू केली. हीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. उत्तरेकडे अमृतसरला १८८७ मध्येच अशी शाळा निघाली होती आणि कलकत्त्यास लालबिहारी शहा ह्यांनी आपली शाळा उभी केली होती. म्हणजे शाळा होत्या, तळमळीचे शिक्षक होते, आणि सहा ठिपकेही होते.

नव्हता तो संकेत. ब्रेलची योजना फ्रेंच वर्णमालेसाठी होती. आपल्या बाराखडीला ती कशी बसवावयाची हे ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने ठरविले. नोल्स आणि गार्थवेट ह्या दोघांनी पौर्वात्य भाषांसाठी एक पद्धत बसविली. कलकत्त्यास शहांची वेगळी, पश्चिमेकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती ह्यांची वेगळी. उत्तरेस शिरेफबाईंची आणखी निराळी. ह्यांपैकी प्रत्येक पद्धत विचारपूर्वक रचलेली होती, आणि हीच खरी अडचण. एका शाळेत शिकलेले मूल दुसऱ्या गावी गेले की तेच सहा ठिपके त्याच्या बोटांखाली परके होत. पुस्तके छापावी तर कोणत्या पद्धतीत? एकेका पद्धतीचे वाचक मूठभर. तेवढ्यांसाठी छापखाना चालणार कसा? छापखाना नाही म्हणून पुस्तके नाहीत, आणि पुस्तके नाहीत म्हणून शिक्षण चार इयत्तांपुढे सरकत नाही. पन्नास वर्षे हे रहाट असेच फिरत राहिले.

स्वातंत्र्यानंतर ह्या प्रश्नाला गती मिळाली. १९४९ मध्ये भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने युनेस्कोकडे हा प्रश्न नेला. निरनिराळ्या भाषांच्या ब्रेल पद्धतींत जगभर काही मेळ घालता येईल काय, असा तो प्रश्न होता. युनेस्कोने हे काम क्लूथा मॅकेन्झी ह्यांच्याकडे सोपविले. ते न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, गॅलिपोलीच्या रणांगणावर त्यांचे डोळे गेले होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडूनला अंध झालेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेत त्यांनी काम केले होते. १९५० मध्ये पॅरिसला आणि १९५१ मध्ये बैरूतला परिषदा झाल्या, आणि त्यांतून भारतीय भाषांसाठी एक सामाईक पद्धत निष्पन्न झाली. तिचे नाव भारती ब्रेल. त्याच साली डेहराडूनला सरकारी ब्रेल छापखाना सुरू झाला. जे रहाट पन्नास वर्षे अडले होते ते संकेत ठरताच फिरू लागले.

भारती ब्रेलचे तत्त्व साधे आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. भारतातील लिप्या दिसावयास निरनिराळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला मुळात एकाच घडणीची आहे. क म्हणजे क, मग तो देवनागरीत लिहा, गुजरातीत लिहा, नाहीतर कानडीत. म्हणून चिन्ह आकाराला न देता ध्वनीला दिले, आणि इंग्रजीत तोच ध्वनी असेल तर इंग्रजीचेच चिन्ह ठेवले. ‘कमळ’ हा शब्द घ्या. मराठीत आणि गुजरातीत तो एकच आहे. कागदावर दोन्हींची अक्षरे वेगळी, एकाला शिरोरेघ आहे तर दुसऱ्याला नाही. परंतु ठिपक्यांत दोन्हींकडे तीच तीन चिन्हे येतात. आणि त्यांतले क व म तर इंग्रजी शिकणाऱ्या मुलालाही ओळखीचे. मात्रेचीही अशीच सोय केली आहे. छापील ‘कि’ मध्ये वेलांटी आधी दिसते आणि क नंतर, आणि पहिलीतले प्रत्येक मूल तेथे एकदा तरी अडखळते. ब्रेलमध्ये आपण जसे उच्चारतो तसेच लिहावयाचे, आधी क आणि मग इ.

ह्या सनांकडे जरा लक्ष द्यावे. भारती ब्रेल ठरली १९५१ मध्ये. १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबई राज्य झाले. त्याआधी आणि त्यानंतर संयुक्त महाराष्ट्रासाठी जो लढा झाला, जे हुतात्मे झाले, आणि १ मे १९६० रोजी मराठी व गुजराती भाषकांची जी दोन राज्ये झाली, तो इतिहास आपणांस ज्ञात आहे. भाषेच्या प्रश्नावर डोळस मुंबई तापली होती त्या वर्षांत, ह्याच शहरातील अंधशाळांच्या उपयोगाची दोन भाषांना मिळून एक लिपी तयार झालेली होती. ह्यावरून कोणी राजकारणाचा धडा काढावा असे आम्हांस म्हणावयाचे नाही. भाषावार राज्ये होणे न्याय्यच होते. परंतु दोन भाषांनी आपापली ओळख यत्किंचितही न सोडता एका संकेतावर सही करणे शक्य असते, ह्याचा हा शांतपणे घडलेला पुरावा आहे, आणि घाटकोपरच्या रहिवाशाला तो विशेष कळावा.

आता वर्गात येऊ. अंध विद्यार्थ्याची पाटी म्हणजे घरे पाडलेली एक पट्टी आणि तिच्याखाली कागद. टोकदार कलमाने एकेका घरात ठिपका टोचावयाचा. ठिपका मागच्या बाजूला उठतो, म्हणून लिहावयाचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचावयाचे डावीकडून उजवीकडे. लिहिताना प्रत्येक चिन्हाची आरशातली प्रतिमा मनात धरावी लागते. सात-आठ वर्षांचे मूल हे सहज करते आणि पाहणाऱ्या डोळसाची मती गुंग होते. गणितासाठी अष्टकोनी छिद्रांची टेलर पाटी असते. तिच्या छिद्रांत धातूचे खिळे निरनिराळ्या दिशांनी बसवून आकडे मांडतात. १९५१ मध्ये अमेरिकेत पर्किन्स शाळेचे सहा कळांचे लेखनयंत्र विक्रीस आले. त्यावर ठिपके थेट वरच्या बाजूला उठतात आणि लिहिलेले लगेच वाचता येते.

ही साधने हाती घेऊन विशेष शाळांनी उत्तम काम केले. १९५२ मध्ये मुंबईतच राष्ट्रीय अंध संघाची, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची, स्थापना झाली आणि ब्रेल छपाईपासून नोकरी मिळवून देण्यापर्यंत अनेक कामे तिने अंगावर घेतली. परंतु विशेष शाळा म्हटली की ती शहरात, आणि बहुधा वसतिगृहासह. गावचे मूल आईबापांपासून तुटणार, आणि गल्लीतले सवंगडी त्याला सुट्टीपुरते भेटणार. ह्या मुलांना त्यांच्या घराजवळच्या साध्या शाळेतच का शिकवू नये? डॉ. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखालील १९६४–६६ च्या शिक्षण आयोगाने हा विचार आग्रहाने मांडला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. १९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली आणि पुस्तके, उपकरणे व वाचनिकाचा भत्ता ह्यांची तरतूद केली.

येथे पॅरिसचा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मूल डोळसांच्या शाळेत आले, त्याच्यापाशी पाटी-कलम आले. परंतु त्याने लिहिलेले वाचणार कोण? वर्गशिक्षकाला ठिपके कळत नाहीत. मग दोन-चार शाळा मिळून एक फिरता शिक्षक नेमावा, त्याने आठवड्यातून ठरावीक दिवशी यावे, मुलाचे लेखन वाचून गुरुजींना सांगावे आणि पुढील धडा ठिपक्यांत उतरवून द्यावा, असा उपाय निघाला. जेथे हा शिक्षक नेमाने येई तेथे मूल वर्गाबरोबर चाले. तो आला नाही की मूल मागच्या बाकावर बसून नुसते ऐके, आणि परीक्षेच्या वेळी ‘ह्याला काही येत नाही’ असा शेरा मिळवी. दोन्ही ठिकाणी साधन तेच होते, ही गोष्ट विसरू नये.

दरम्यान कानाची साधने आली. १९६० च्या दशकापासून बोलती पुस्तके मुंबईत तयार होऊ लागली, पुढे घरोघर कॅसेट आली, आणि कादंबऱ्यांपासून कायद्याच्या पुस्तकांपर्यंत वाचन खुले झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर ह्या कॅसेटींचे मोठे उपकार आहेत. मात्र त्याबरोबर एक समजही पसरला, की आता ठिपक्यांची गरज उरली नाही. तो समज मराठीपुरता तरी घातक आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द आपण उच्चारतो तेव्हा कानाला फारसा फरक जाणवत नाही. पहिल्याचा अर्थ दिवस आणि दुसऱ्याचा गरीब. ऱ्हस्व-दीर्घ, श आणि ष, अनुस्वार ह्यांचे ज्ञान ऐकून होत नाही, ते अक्षर भेटल्यानेच होते. ब्रेलमध्ये इ आणि ई ही दोन निराळी चिन्हे आहेत. बोट त्यांतला फरक जाणते. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला विषय समजतो, पण शुद्ध लिहिता येत नाही, आणि लिहिण्यात चुकतो म्हणून जग त्याला अडाणी समजते. कानाने वाचन वाढवावे, परंतु अक्षरओळख बोटानेच करून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग संगणक आला, आणि १९०० सालचा इतिहास जणू नवे कपडे घालून परतला. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे कार्यक्रम निघाले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी एन.व्ही.डी.ए. नावाचा असा कार्यक्रम सुरू केला, आणि तो सर्वांना मोफत ठेवला. इंग्रजी वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याला त्यामुळे सारे जग मोकळे झाले. मराठी वाचणाऱ्याचे काय झाले? मराठी अक्षरांचे अनेक टंक बाजारात होते आणि प्रत्येकाची अंतर्गत रचना स्वतंत्र. पडद्यावर दिसे ते सुबक मराठी. पण संगणकाच्या पोटात साठविलेली असत ती भलतीच इंग्रजी चिन्हे. डोळसाला दिसते तेवढे पुरे असते, म्हणून त्याला ह्याची दाद नव्हती. अंध विद्यार्थ्याने तोच मजकूर वाचवून घ्यावयास जावे तो त्याच्या कानी अर्थहीन बडबड येई. शहांची पद्धत निराळी, छत्रपतींची निराळी; तसाच ह्या कंपनीचा टंक निराळा आणि त्या कंपनीचा निराळा.

आश्चर्य असे की उपायही तोच निघाला, आणि त्याची मुळे पुन्हा वर्णमालेतच होती. कानपूरच्या आय.आय.टी.त आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांच्या संगणकलेखनावर जे काम केले, त्याचे सूत्र असे होते: सर्व भारतीय लिप्यांतील क ला एकच क्रमांक द्यावा, तो कोणत्या आकारात दाखवावयाचा हे नंतर ठरवावे. भारती ब्रेलचे तत्त्व ते हेच. ह्या इस्की नावाच्या संकेतावरून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ह्या जागतिक संकेतातील देवनागरीची मांडणी झाली. युनिकोडात लिहिलेला मराठी मजकूर मोबाइल मोठ्याने वाचू शकतो, आणि ठिपके उमटविणारे यंत्र तोच मजकूर आपोआप भारती ब्रेलमध्ये उतरवू शकते. कान आणि बोट ह्यांचे जुने भांडण येथे मिटते. परंतु जुन्या टंकांत केलेल्या प्रश्नपत्रिका, आणि पानाचे नुसते छायाचित्र काढून पाठविलेली टिपणे अजूनही शाळांतून फिरत असतात. अशा ठिकाणी मुलाच्या हातातील हजारो रुपयांचे साधन मुके होते.

कायद्यानेही ह्या संकेतात आपला वाटा उचलला आहे. पुस्तक ठिपक्यांत अगर ध्वनीत उतरविण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागू नये, अशी दुरुस्ती भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झाली. २०१३ च्या जूनमध्ये माराकेश येथे ह्याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक साधनकेंद्र चालू आहे. कायद्याचे शब्द प्रत्यक्ष पुस्तकांत कसे उतरवावयाचे ह्याचा वस्तुपाठ अशा केंद्रांतून मिळतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंतच्या पात्र विद्यार्थ्यांना पुस्तके आणि सहायक साधने विनामूल्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. परीक्षेत दर तासामागे किमान २० मिनिटांचा अधिक वेळ द्यावा, असे केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. पूर्वी दयेच्या नावाखाली मिळत असे ते आता हक्काच्या नावाने मागता येते, हा फरक थोडा नव्हे.

अंधांचा इतिहास आम्ही विस्ताराने सांगितला, तथापि नियम सर्वत्र तोच आहे. श्रवणयंत्र घ्या. ते आवाज मोठा करते, परंतु गुरुजींचा आवाज आणि पंख्याची घरघर, रुळांवरून जाणारी गाडी आणि शेजारच्या वर्गाचा पाढा, सारेच मोठे करते. म्हणून शिक्षकाने गळ्याशी एक लहान ध्वनिग्राहक बांधावा आणि त्याचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात जावा, अशी सोय निघाली. परंतु तो रोज बांधावयाचा शिक्षकाने, आणि फळ्याकडे तोंड करून बोलावयाचे नाही हेही त्यानेच ठरवावयाचे, कारण मूल ओठही वाचत असते. चाकांची खुर्ची घ्या. ती कितीही हलकी असली तरी तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गापुढे तिचे काही चालत नाही. मात्र मुख्याध्यापकाने तो वर्ग तळमजल्यावर आणला की एका सकाळीत प्रश्न सुटतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, की उणीव शेवटी मुलाच्या शरीरातच आहे ना? मग साऱ्या शाळेने एका मुलासाठी का बदलावे? ह्याला घाटकोपरच्या माणसाने आपल्या स्थानकाकडे बोट दाखवून उत्तर द्यावे. फलाट आणि गाडी ह्यांच्यामधील पोकळी पूर्वापार होती. माणसे पडत, आणि पडणाऱ्याचा तोल गेला असे म्हटले जाई. २०१४ च्या जानेवारीत ह्याच स्थानकावर झालेल्या एका अपघातानंतर ही पोकळी साऱ्या शहराच्या चर्चेचा विषय झाली, आणि उपनगरी फलाटांची उंची वाढविण्याच्या कामाला जोर आला. फलाट उंच झाले त्याचा लाभ म्हाताऱ्यांना झाला, लेकुरवाळ्यांना झाला, आणि धडधाकट माणसालाही झाला. दोष पडणाऱ्याच्या पायात होता की फलाटात, हे फलाट उंच केल्यावर उमगले. शाळेचेही असेच आहे. फळ्यावर लिहिलेले गुरुजींनी तोंडाने वाचून दाखविले, तर त्याचा फायदा अंध मुलाला होतो आणि मागच्या बाकावरच्या चष्मा न मिळालेल्या मुलालाही होतो.

मग करावयाचे काय? साधनांसाठी पैसा लागतो हे खरे, आणि देणाऱ्यांनी तो अवश्य द्यावा. ह्या उपनगरात दात्यांची वाण नाही. परंतु देणगीचे यंत्र शाळेत पोहोचले म्हणजे आपले काम संपले असे समजू नये. ते यंत्र कोण चालविणार, बिघडले तर कोण दुरुस्त करणार, मुलाने त्यावर लिहिलेले कोण वाचणार, हे तीन प्रश्न यंत्राबरोबरच विचारावेत. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी डोळस मुलांच्या हाती पुस्तके पडतात; अंध मुलाचे पुस्तक दिवाळीनंतर आले तर त्याचे अर्धे वर्ष गेले. म्हणून त्याची मागणी मार्च-एप्रिलातच नोंदवावी. प्रश्नपत्रिका आणि टिपणे युनिकोडातच टंकावीत. परीक्षेचा लेखनिक आदल्या दिवशी धावपळ करून शोधण्यापेक्षा वर्षाच्या आरंभी नक्की करावा. आणि प्रत्येक शाळेतील एका तरी शिक्षकाने भारती ब्रेल डोळ्यांनी वाचावयास शिकावी. ज्याला बाराखडी येते त्याला ही त्रेसष्ट चिन्हे आपलीशी करणे मुळीच जड जाऊ नये.

पॅरिसच्या शाळेने आपल्याच विद्यार्थ्याची लिपी मान्य करावयास तीस वर्षे घेतली, आपल्या देशाला पद्धतींचे भांडण मिटवावयास पन्नास वर्षे लागली, आणि मराठी संगणकावर तेच पुन्हा घडले. ह्या तिन्ही वेळी साधन हाताशी होते आणि मूल दाराशी उभे होते. विलंब लागला तो आत बसलेल्यांचे एकमत होण्याला. पुढे याहून अद्भुत यंत्रे निघतील ह्यात संशय नाही. त्या प्रत्येक यंत्राच्या वेळी मुलाला किती काळ दाराशी उभे ठेवावयाचे, हे मात्र यंत्र ठरविणार नाही; ते आपण ठरविणार आहोत.